डब्यातलं दुसरं जेवण

डोंबिवलीहून सकाळी सव्वासातच्या सुमाराची लोकल पकडणाऱ्या माणसाचं दिवसभराचं खाणं घड्याळासकट लिहून काढा. ६.१५ ला चहा आणि दोन बिस्किटं. नाश्ता राहूनच जातो. ९.४५ ला ऑफिसखाली पुन्हा चहा. १ वाजता डबा. ४.३० ला चहा, ६.१५ ला स्टेशनबाहेर वडापाव. पावणेनऊला घर, सगळे जमेपर्यंत ९.४५, मग ताट: तीन पोळ्या, भाजी, वाटीभर भात, वरण, वर तूप. ही सहज ७००–८०० कॅलरी. १०.४५ ला मुलांबरोबर चार चमचे आईस्क्रीम, नाहीतर कपभर दूध. ११.३० ला झोप.

पहिला घोट सव्वासहाला आणि शेवटचा घास पावणेअकराला, म्हणजे साडेसोळा तास पचनसंस्था कामावर. त्यातही दिवसाचं सगळ्यात मोठं जेवण झोपेच्या पावणेदोन तास आधी. वजन वाढलेल्या, साखर सीमारेषेवर आलेल्या अशा माणसाला आपण सांगतो, "रात्री लवकर जेवत जा." तो म्हणतो, "घरीच पावणेनऊला पोचतो, लवकर कसा जेवू?" त्याचं म्हणणं अगदी रास्त आहे. त्याला उपदेश करून भागत नाही. रात्रीच्या जेवणाचा मोठा भाग संध्याकाळी सहाला, तो जिथे असेल तिथे, हातात कसा पडेल ते बघावं लागतं. तो भाग डब्यातून न्यावा लागतो, आणि हे जमतं.

आधी हे का करायचं ते बघू. यकृत, स्वादुपिंड, स्नायू, चरबीच्या पेशी या सगळ्यांना स्वतःचं घड्याळ असतं. या घड्याळाची पेशीतली यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. बहुतेकांच्या शरीरात इन्सुलिन सकाळी चांगलं काम करतं आणि रात्रीकडे त्याचा जोर ओसरतो. शिवाय नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी मेलाटोनिन वाढू लागतं. ते झोपेची तयारी करतं, पण इन्सुलिन सोडणाऱ्या पेशींनाही थोपवतं, काही जणांत इतरांपेक्षा जास्त. त्यामुळे तीच पोळी-भाजी सकाळी आठला खाल्ली तर साखर जेवढी चढते, त्याहून रात्री दहाला जास्त चढते आणि उतरायला वेळ घेते.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०२० साली २० निरोगी माणसांना तेच जेवण एकदा संध्याकाळी ६ ला आणि एकदा रात्री १० ला दिलं. झोपायची वेळ दोन्ही वेळी ११. उशिराच्या जेवणानंतर साखरेचं टोक सुमारे १८ टक्के वर गेलं आणि रात्रभरात चरबी सुमारे १० टक्के कमी जळली. २०२२ मध्ये बोस्टनमध्ये १६ जादा वजनाच्या लोकांवर प्रयोग झाला. अन्न तेच, फक्त वेळा चारेक तास पुढे ढकलल्या. भूक वाढली, पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन जागेपणी कमी झालं आणि शरीराचा ऊर्जाखर्चही घटला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण यावर फार अतिशयोक्त बोललं जातं. नुसती वेळ बदलून किलोच्या किलो उतरत नाहीत. २०१३ चा एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. १४०० कॅलरींपैकी ७०० नाश्त्याला घेणाऱ्या स्त्रियांचं १२ आठवड्यांत ८.७ किलो उतरलं, तेच ७०० रात्री घेणाऱ्यांचं ३.६ किलो. आकडे मोहात पाडणारे आहेत. पण २०२२ मध्ये ॲबर्डीनला ३० जणांचं सगळं अन्न मोजून दिलं, तेव्हा सकाळी जास्त खाणारे आणि रात्री जास्त खाणारे यांचं वजन सारखंच उतरलं. फरक पडला तो भुकेत: सकाळी जास्त खाल्लं की दिवसभर भूक कमी. त्याच वर्षी ग्वांगझूमध्ये १३९ लठ्ठ रुग्णांना वर्षभर कमी कॅलरींचा आहार दिला. निम्म्यांनी तो सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच खाल्ला. त्यांचं ८ किलो उतरलं, बाकीच्यांचं ६.३. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

मग वेळेचा उपयोग काय? माझ्या मते तीन. भूक आटोक्यात राहते, त्यामुळे कमी खाणं निभावतं. रात्रीचं अवांतर तोंड चालवणं आपोआप थांबतं. आणि वजन हललं नाही तरी साखर व रक्तदाबाला फायदा होऊ शकतो. २०१८ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ८ पुरुषांनी पाच आठवडे दुपारी ३ च्या आत दिवसाचं सगळं खाणं संपवलं. त्यांचं वजन मुद्दाम कायम ठेवलं होतं, तरीही इन्सुलिनचा परिणाम सुधारला आणि रक्तदाब उतरला. तीनच्या आत जेवण संपवणं आपल्याकडे कुणाला जमणार नाही, पण कुठल्या दिशेला सरकायचं ते यातून कळतं.

आपल्याकडे बरेच जण नेमके उलट्या दिशेला सरकतात. "सोळा-आठ करतोय" (सोळा तास उपाशी, आठ तासांत खाणं) म्हणणारे दहा जण घेतले तर बहुतेकांनी नाश्ता सोडलेला असतो, पहिलं जेवण दुपारी १ ला आणि दुसरं रात्री ९ किंवा ९.३० ला. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवायची पद्धत पाळणारेही पुष्कळदा याच वेळा धरतात. उपाशी तास भरतात, पण जेवण पुन्हा इन्सुलिनच्या पडत्या वेळेतच येतं. अमेरिकेत २०२० मध्ये ११६ जणांनी १२ आठवडे भाग घेतलेल्या चाचणीत दुपारी १२ ते रात्री ८ एवढाच वेळ खाणाऱ्यांचं वजन दिवसाला तीन वेळा खाणाऱ्यांपेक्षा लक्षणीय उतरलं नाही. जे उतरलं त्यात स्नायूंचा वाटा बराच होता, ही त्याहून काळजीची गोष्ट.

स्नायू गमावणं आपल्याला तर परवडतच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलंय की भारतीय माणूस काट्यावर बारीक दिसला तरी आतून चरबीचा असू शकतो. २००४ मध्ये त्यांनी स्वतःची आणि ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण शरीरातली चरबी ब्रिटिश माणसाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. म्हणून आपल्यासाठी जादा वजन बीएमआय २३ पासून आणि लठ्ठपणा २५ पासून धरतात. कंबरेची हद्द पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८०.

आता करायचं काय. पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त लिहा. प्रत्येक घासाची आणि घोटाची वेळ, चव घेतलेलं धरून. दूध-साखरेचा चहा म्हणजे खाणंच. साधं पाणी आणि बिनसाखरेचा कोरा चहा तेवढा मोकळा. आठवड्याअखेर पहिली आणि शेवटची वेळ यांतलं अंतर काढा. बहुतेकांचं १४ तासांच्या वर निघतं.

दुसऱ्या आठवड्यात एकच करायचं: रात्रीचं ताट उचललं की स्वयंपाकघराचा दिवा बंद. आईस्क्रीम, दूध, डब्यातली शेव, बडीशेपेच्या गोड गोळ्या, सगळं बंद. साडेसोळा तासांतला एक तास इथेच सुटतो. तिसऱ्या आठवड्यापासून सकाळचा चहा-बिस्कीट आणि नाश्ता एकत्र करायचा. ६.१५ ला नुसतं पाणी प्यायचं आणि पावणेसातला एकदाच नीट खायचं. दोन मुगाची धिरडी (६० ग्रॅम डाळ रात्री भिजत घातलेली, साधारण १४ ग्रॅम प्रथिनं), किंवा दोन अंडी आणि एक पोळी. पोह्यांना नावं ठेवायची गरज नाही, पण नुसत्या पोह्यांच्या बशीत प्रथिनं चारेक ग्रॅमच. मूठभर शेंगदाणे आणि वर वाटीभर दही घेतलं तर ते जेवण होतं.

चौथ्या आठवड्यापासून दुसरा डबा. सगळी गोम इथे आहे. १६०० कॅलरींचा हिशोब धरला तर नाश्ता ४००, दुपारचा डबा ५५०, संध्याकाळचा डबा ४००, एकेक चमचा साखरेचे दोन चहा मिळून १००, आणि घरी पोचल्यावर १५०. दुसरा डबा ५.३० ते ६.३० च्या दरम्यान, ऑफिसातून निघण्याआधी, बसून खायचा. लोकलच्या गर्दीत ते होत नाही आणि स्टेशनवर पोचेपर्यंत वडापावचा वास नाकात शिरलेला असतो.

त्यात काय न्यायचं हे ऑफिसात फ्रिज आहे की नाही यावर ठरतं. फ्रिज असेल तर एक ज्वारीची भाकरी किंवा दोन फुलके, वाटीभर मटकीची कोरडी उसळ, काकडी-गाजर. फ्रिज नसेल तर सकाळी साडेसहाला भरलेला डबा संध्याकाळी सहाला उघडला जाणार, म्हणजे साडेअकरा तास मुंबईच्या दमटपणात. ओलं खोबरं, बटाटा, मोड आलेली उसळ, उकडलेलं अंडं यांतलं काहीही ठेवू नका. आंबतं आणि पोट बिघडतं. कोरडं न्या: एक दशमी, कोरडी लसणीची चटणी, ४० ग्रॅम फुटाणे, २० ग्रॅम शेंगदाणे, एखादा पेरू. फुटाणे-शेंगदाण्यांतूनच १३–१४ ग्रॅम प्रथिनं मिळतात. फुटाणे घरच्या वाटीत एकदा मोजून घ्या. पिशवीतून थेट खाल्ले तर ४० चे १०० ग्रॅम कधी होतात कळत नाही. दशमीची कणीक दुधात भिजवली की ती संध्याकाळपर्यंत मऊ राहते. पोळी भरायचीच असेल तर तव्यावरून काढून पूर्ण निवू द्या. वाफेसकट डबा बंद केला की झाकणाचं पाणी पोळीवर टिपकतं आणि सहाला लगदा हातात येतो, मग माणूस डबा बाजूला सारून खाली उतरतो.

घरी पोचल्यावर एकत्र बसायचंच. सगळ्यांबरोबर जेवणं ही फार मोलाची गोष्ट आहे, ती मोडू नये. ताटात मात्र वाटीभर आमटी किंवा कढण, मोठी कोशिंबीर, हवं तर ताक. पोळी-भात संध्याकाळीच होऊन गेला.

चूक होते ती इथेच, आणि बहुतेकांची हीच होते. दुसरा डबा खातात आणि रात्रीचं ताटही पूर्वीएवढंच राहतं. दोन आठवड्यांत वजन वाढतं आणि "हे काही आपल्याला मानवत नाही" म्हणून सगळं सोडून देतात. यावर एक घरगुती उपाय चालतो: रात्रीच्या पोळ्या लाटायच्या आधी मोजायच्या. संध्याकाळी डब्यात गेलेल्या पोळ्या रात्रीच्या कणकेतून कमी झाल्या पाहिजेत. पोळी डब्यात असली की कुणीतरी वाढतंच, आणि वाढलेलं खाल्लं जातंच.

दुसरी चूक रविवारची. अकराला पोहे, तीनला मटण-भात, रात्री साडेनऊला बाहेर. सगळं घड्याळ दोन-तीन तास पुढे जातं आणि सोमवारी सकाळी भूकच नसते, संध्याकाळी मात्र खवळते. रविवारी पदार्थ बदलू द्या, वेळ तासाभरापेक्षा जास्त सरकू देऊ नका. मटण दीडला खा.

पहिल्या आठ-दहा दिवसांत डोकं दुखणं आणि बद्धकोष्ठता या तक्रारी येतात. डोकेदुखी बहुधा चहाचे कप एकदम तोडल्याने किंवा पाणी कमी पडल्याने असते. कप एकेक करून कमी करा. रात्रीची भाजी कमी झाली म्हणून पोट साफ होत नाही. ती भाजी दुपारच्या डब्यात भरा.

आता घरातल्या बाईबद्दल, कारण लेख लिहिणारे तिला विसरतात. ती सगळ्यांना वाढून साडेदहाला बसते, उरलेला भात टाकवत नाही म्हणून संपवते, आणि त्याआधी कढईतून चार वेळा चव घेतलेली असते. तिचं वजन "काही खात नाही तरी वाढतं" ते यातून. तिला डबा न्यायचा नाही, त्यामुळे तिचं काम खरं तर सोपं आहे: संध्याकाळी साडेसहा-सातला, पहिली पोळी तव्यावरून उतरली की तिने स्वतःचं पान वाढून घ्यायचं. नवऱ्याआधी, मुलांआधी. अडचण पचनाची नाही, घरातल्या रिवाजाची आहे, आणि तो बदलणं बाकीच्यांच्या हातात आहे. रात्री उरलेला भात थंड झाला की लगेच फ्रिजमध्ये. सकाळी फोडणीचा भात होतो.

संकष्टीचंही तसंच. चंद्रोदय बऱ्याचदा रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान. दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि वेफर्स, मग चंद्रदर्शन झाल्यावर मोदकांसह पूर्ण ताट. महिन्यातून एकदा असं झाल्याने काही बिघडत नाही. साखर असणाऱ्यांनी मात्र दिवसा दही, शेंगदाण्याची आमटी आणि भगर थोडी, असं धरावं. रात्री नैवेद्याचा एक मोदक आणि वरण-भाजी घेतली तर उपासही पाळला जातो आणि साखरही.

रात्रपाळीच्या परिचारिका, पोलीस, आयटीवाले यांना हे वेळापत्रक लागू नाही, तत्त्व मात्र लागू आहे. २०२१ मध्ये प्रयोगशाळेत रात्रपाळीची नक्कल केली. रात्री खाणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्के वाढली, फक्त दिवसा खाणाऱ्यांची वाढली नाही. म्हणून मोठं जेवण ड्यूटीआधी ७ ते ७.३० ला. मध्यरात्री १२ ते सकाळी ६ पाणी, कोरा चहा, अगदीच कळवळून भूक लागली तर मूठभर फुटाणे. कँटीनमधला अडीच वाजताचा फ्राइड राइस सगळ्यात घातक. सकाळी झोपण्याआधी हलका नाश्ता.

औषधं चालू असतील तर डबा भरायच्या आधी डॉक्टरांशी बोला, मागाहून नाही. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलं आणि डोस तोच ठेवला, तर मध्यरात्री साखर कोसळू शकते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि साखर ७० च्या खाली असली तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, सावरल्यावर खायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी लांब उपास आणि पिष्टमय पदार्थ एकदम तोडणं टाळावं. साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. वजन उतरू लागलं की रक्तदाबाच्या गोळीचा डोसही जास्त होऊ शकतो. उठताना गरगरलं तर दाब मोजून घ्या. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नाश्त्याआधी अर्धा ते एक तास, हे बदलत नाही. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या, १८ वर्षांखालची मुलं, टाइप १ मधुमेही आणि खाण्याच्या विकारातून गेलेली माणसं यांनी खाण्याच्या तासांना स्वतःहून कात्री लावू नये. बाकीच्यांनीही पहिल्या आणि शेवटच्या घासातलं अंतर १० तासांवर आलं की थांबावं. त्याखाली गेलं की प्रथिनं पुरी पडणं अवघड होतं.

डोंबिवलीच्या त्या माणसाचा खाण्याचा दिवस आता पावणेसात ते पावणेदहा, म्हणजे पंधरा तास. १० तास झालेच नाहीत, पण मोठं जेवण पावणेदहावरून सहाला, म्हणजे झोपेच्या साडेपाच तास आधी, नक्की आलंय. मी याला यश मानतो. ज्याला रात्रीची आमटीही सोडून सहालाच थांबणं जमेल त्याचे सव्वाअकरा होतात. आठवड्यातून तीन दिवस जमलं तरी चालेल.

उपयोग होतोय का हे बघायला घरी ग्लुकोमीटर असेल तर एक साधा प्रयोग करा. तेच जेवण, तेवढंच मोजून, एका दिवशी ६.३० ला आणि दुसऱ्या दिवशी ९.३० ला. पहिल्या घासापासून दोन तासांनी आणि दुसऱ्या सकाळी उपाशीपोटी साखर बघा. यंत्राच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, म्हणून एका वाचनावर जाऊ नका. तीन-तीन वेळा करून सरासरी काढा. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालत असाल तर दोन्ही दिवशी चाला. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी शौचानंतर. कंबर मोजताना पट्टी सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) तीन महिन्यांनी. त्याआधी केलं तर जुनाच काळ त्यात मोजला जातो.

बारा आठवड्यांनी कंबर जागची हलली नसेल तर वेळेवर अजून जोर देऊ नका, तेलाचा डबा बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम होतं, म्हणजे नुसत्या तेलाच्या जवळपास ३४० कॅलरी. महिन्याच्या पहिल्या तारखेला साडेतीन लिटरच वेगळं काढून ठेवा आणि तेवढ्यात महिना काढा.